ग्रंथालयाची वेबसाइट कशी तपासावी : एम.लिब.च्या नवशिक्यांसाठी

विषय तुम्ही निवडलेला नाही, हे गृहीत धरतो. सरांनी यादीतून वाचला, तुम्ही मान हलवली आणि 'महाराष्ट्रातील विद्यापीठ ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवरील माहिती साक्षरता सेवांचे मूल्यमापन' हा विषय तुमच्या नावावर चढला. घाबरू नका. या विषयाला प्रवास लागत नाही, प्रश्नावली भरून घ्यायला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, सगळं काम हॉस्टेलच्या खोलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होतं. तपासायच्या वस्तू पळूनही जात नाहीत. फार तर दोन दिवस उघडत नाहीत, आणि तीही नोंद म्हणून चालते.

पहिलं प्रकरण लवकर उरका. १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी माहिती साक्षरतेची कल्पना मांडली, १९८९ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने तिच्यावर अहवाल दिला, २००० साली तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने निकष ठरवले आणि २०१६ साली ते निकष मागे घेऊन सहा सूत्रांची नवी चौकट स्वीकारली. एवढं लिहिलं की झालं. मागच्या बॅचचं डिझर्टेशन समोर ठेवूनच लिहिणार असाल (ठेवणारच आहात), तर त्यात २००० चेच निकष 'सध्या प्रचलित' म्हणून आले असतील, तेवढे बदला. मग एक परिच्छेद रंगनाथनांवर, १९३१ च्या पाच नियमांसह. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तो लिहून झाला की त्याच्याकडे पुन्हा बघू नका, पुढच्या कामात अडचण येते.

माहिती साक्षरता म्हणजे काय, हे मात्र एकदा स्वतःशी साध्या भाषेत बोलून घ्या. एम.ए.च्या पोराला सिनॉप्सिस लिहायचा आहे. संदर्भ कुठून आणायचे, जे सापडलं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, आणि दुसऱ्याचं घेतलं तर ते दुसऱ्याचं आहे हे लिहायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ते शिकवणं म्हणजे माहिती साक्षरता सेवा. आता ही सेवा वेबसाइटवर कुठे लपली आहे ते शोधायचं.

नमुना निवड

सोपं आहे. २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला तेव्हा त्यात मुंबईपासून गोंडवानापर्यंत अकरा विद्यापीठं होती, ती घ्या. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं घ्यायची की नाही, हे पानं किती भरायची आहेत त्यावर ठरवा. एक सूचना: मेनूत 'लायब्ररी' शोधून ती नाही म्हणून शून्य देऊ नका. अलीकडे बऱ्याच ठिकाणी तिचं 'ज्ञानस्रोत केंद्र' झालं आहे. पुण्याचं जयकर ग्रंथालयही आता त्याच नावाने सापडतं. कधी ते 'सुविधा' या शीर्षकाखाली, जिमखाना आणि अतिथिगृह यांच्या मध्ये असतं.

चेकलिस्ट

हे या शास्त्राचं हृदय. डावीकडे सेवांची नावं, उजवीकडे 'आहे' आणि 'नाही'. बस. 'आहे, पण उघडत नाही', 'आहे, पण २०१४ ची आहे', 'आहे, पण कशासाठी आहे कळत नाही' असे रकाने पाडायचा मोह होईल. तो आवरा. तक्ता आडवा छापावा लागेल आणि बायंडर जादा पैसे मागेल.

पहिला मुद्दा 'वाचक प्रशिक्षण'. याला बहुतेक सगळीकडे टिक मिळेल, कारण त्याचे फोटो असतात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं पुस्तक देऊन स्वागत, पाठमोरे विद्यार्थी, ग्रुप फोटो. कार्यक्रमात काय शिकवलं, ते न आलेल्या विद्यार्थ्याला कुठे वाचायला मिळेल, पुढचा कार्यक्रम कधी आहे, हे शोधू नका. चेकलिस्टमध्ये तसं विचारलेलं नाही. बातमीच्या शेवटी आभार कोणी मानले ते असतं. तेवढ्यावर टिक करा.

दुसरा मुद्दा 'ग्रंथपालांना विचारा'. शिस्तीचा संशोधक इथे लिंक दिसते का एवढंच बघतो. तुम्हाला खोडी काढायचीच असेल तर तिथे खरोखर एक प्रश्न पाठवा. अवघड नको, 'महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवरचे मराठी प्रबंध कसे शोधायचे' एवढा पुरे. मग वाट बघा. लिंकवर बोट ठेवलं की मोबाइल मेलचं अॅप उघडतो आणि 'खातं जोडा' म्हणतो, इथेच अर्धे विद्यार्थी गळतात. उरलेल्यांचा मेल कधी परत येतो, कारण तो पत्ता आधीच्या ग्रंथपालांचा असतो आणि ते निवृत्त झालेले असतात. आणि कधी, हेही लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तपशीलवार उत्तर येतं, शोधगंगेवर विषयाच्या रकान्यात काय टाकायचं इथपर्यंत. असं उत्तर आलं की चेकलिस्टची पंचाईत होते, कारण दोघांनाही एकच टिक.

तिसरा मुद्दा 'घरून प्रवेश'. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झाल्यावर तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना खुली झाली. त्याचं बोधचिन्ह पहिल्या पानावर दिसेल, त्याला टिक. मग घरून ती वाचायची कशी, हे शोधा. नियमावलीची पीडीएफ सापडेल, बहुधा आडवी स्कॅन केलेली, त्यामुळे मान वाकडी करून वाचा. अर्ज डाउनलोड करावा, प्रिंट काढावी, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घ्यावा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडावी आणि कार्यालयीन वेळेत काउंटरवर स्वतः जमा करावा. म्हणजे घरबसल्या वाचण्यासाठी आधी प्रत्यक्ष हजर राहायचं. गडचिरोलीच्या आत राहणाऱ्या पोरीने हे कसं करावं, असा प्रश्न मनात आला तर तो 'मर्यादा' या मथळ्याखाली टाका.

काही माहिती वेबसाइटवर न मागता मिळते. ग्रंथालयाचं संगणकीकरण पूर्ण की अंशतः, कुठलं सॉफ्टवेअर (सोल, कोहा की पुण्याचं स्लिम), कितवी आवृत्ती, कुठल्या वर्षी. अगदी ठळक तक्त्यात. पुस्तक शोधायला आलेल्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला सॉफ्टवेअरची आवृत्ती काय कामाची, असं वाटून गोंधळू नका. तो तक्ता त्याच्यासाठी नाहीच. नॅकच्या नमुन्यात हेच चार रकाने विचारलेले असतात, तिथून ते पानावर उतरले आहेत. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या साइटचाही उलगडा होतो. दृष्टी आणि ध्येय, खर्चाचा पाच वर्षांचा आलेख, भेट दिलेल्या मान्यवरांचे अभिप्राय. साइट पाहुण्यांशी बोलते, घरच्यांशी बोलायला तिला वेळ नाही.

मृत्युंजय शोधणे

आता प्रात्यक्षिक. कॅटलॉग उघडा आणि शोधपेटीत देवनागरीत 'मृत्युंजय' टाइप करा. शिवाजी सावंतांची १९६७ ची कादंबरी, मराठीतल्या सर्वांत खपलेल्या पुस्तकांपैकी एक, विद्यापीठात नसेल असं होणार नाही. उत्तर येण्याची शक्यता आहे: 'काहीही सापडलं नाही'. खचू नका. बऱ्याच ठिकाणी मराठी पुस्तकांच्या नोंदी वर्षानुवर्षं रोमन लिपीत चढवल्या गेल्या, कारण जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी झेपत नव्हती. आता रोमनमध्ये शोधा. पण 'मृ' कसा लिहिलाय? एका ऑपरेटरने एम-आर-आय लिहिलं, दुसऱ्याने एम-आर-यू, तिसऱ्याने संस्कृतचा मान राखून शेवटी एक 'ए' जोडला. तीन स्पेलिंगखाली तीन वेगळ्या प्रती, आणि कॅटलॉगच्या दृष्टीने ती तीन वेगळी पुस्तकं. 'कोसला'ला हीच गत. के-ओ-एस-एल-ए केलं तर एक प्रत, मध्ये आणखी एक 'ए' घातला तर बाकीच्या.

हे काउंटरवरच्या साहाय्यकाला माहीत असतं. तो तिन्ही स्पेलिंग टाकून बघतो, आणि तरी नाही मिळालं तर थेट फडताळाकडे जातो. पण ही ओळ, 'मराठी पुस्तक सापडलं नाही तर रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहून पाहा, किंवा लेखकाच्या आडनावाने शोधा', वेबसाइटवर असते का? ती असली तर एकट्या त्या ओळीला मी चेकलिस्टचे निम्मे गुण देईन. 'ओपॅक कसा वापरावा' या नावाचं चाळीस स्लाइडचं सादरीकरण मात्र सापडेल. त्यातली उदाहरणं ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाची असतात.

मराठी विभागासाठी वेगळं मार्गदर्शक पान असेल तर ते नीट वाचा. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची सूची केली आणि पुढे १९५० पर्यंत आणली. मराठीत जुन्या पुस्तकांवर संशोधन करणाऱ्याचा रस्ता तिथूनच जातो. ती सूची कुठल्या कपाटात आहे हे त्या पानावर असेल तर ते पान लिहिणाऱ्या माणसाला कळकळ आहे, असं खुशाल लिहा. विश्वकोशाची लिंक असेल तर आणखी चांगलं. फक्त प्रकाशकांची बोधचिन्हं वर्णानुक्रमे मांडलेली असतील तर टिक द्या आणि पुढे चला.

वाङ्मयचौर्याचं पान

हे पान सगळीकडे सापडेल आणि त्यावर गर्दीही असेल, कारण त्याशिवाय थिसिस जमा होत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, दहा ते चाळीसमध्ये दुरुस्त करून सहा महिन्यांत परत द्यायचं, चाळीस ते साठमध्ये एक वर्ष थांबायचं आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. हा तक्ता बहुतेक पानांवर बिनचूक असतो. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाने आलेलं साम्य मोजायचं नाही, हेही नियमात आहे. त्याचा परिणाम असा की हुशार विद्यार्थी पंधरावा शब्द बदलायला शिकतो. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या वाक्यात कसा मांडायचा आणि त्याचं श्रेय कसं द्यायचं, हे पान शिकवत नाही. ते फी, लागणारा वेळ आणि प्रमाणपत्राचा नमुना देतं. पीएच.डी.ची पोरं एकमेकांना 'तुझं किती आलं?' विचारतात ते या पानाचं यश.

इथे एक चाचणी जरूर करा. वाङ्मयचौर्य म्हणजे काय हे सांगणारा त्या पानावरचा एक लांब परिच्छेद उचला आणि अवतरणचिन्हात घालून गूगलवर शोधा. तो परदेशातल्या एखाद्या ग्रंथालयाच्या पानावर शब्दशः सापडला तर दचकू नका. 'फॉल सेमिस्टर' किंवा 'तुमच्या टीएला विचारा' असं काही शिल्लक राहिलं असेल तर शोधायचीही गरज नाही.

मराठी प्रबंधांसाठी दुसरी चाचणी. शोधगंगेवरचा एखादा जुना मराठी प्रबंध उघडा, एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. अनेकदा रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं यांचा कचरा पडेल. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्याला मराठी दिसतो, यंत्राला मराठी नसतो. शोधात तो येत नाही, आणि त्यावरून चोरलेलं यंत्राच्या हाती लागत नाही. म्हणजे प्रामाणिक विद्यार्थ्याला प्रबंध मिळत नाही आणि उचलणाऱ्याला शून्य टक्के मिळतात. 'प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करा, आणि का तर हे असं', एवढी सूचना देणारं पान मिळालं तर त्याचा स्क्रीनशॉट रंगीत छापा.

पान जिवंत आहे का

खाली 'शेवटचं अद्ययावत' या ओळीत आजची तारीख असेल तर विश्वास ठेवू नका, बऱ्याचदा ती रोज आपोआप बदलत असते. खरी नाडी दुसरीकडे लागते. संदर्भ लिहिण्याच्या पानावर एपीएची सहावी आवृत्ती असेल तर पान २०१९ पूर्वीचं, कारण त्या वर्षी सातवी आली. आणि नियतकालिकांच्या पानावर 'यूजीसी केअर यादीतलंच जर्नल निवडा' असं लिहिलेलं असेल, तर तिथे थोडं थांबा.

ती यादी २०१९ साली आली, बोगस जर्नलना आळा घालण्यासाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली आणि जर्नल पारखायचं काम संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवलं. म्हणजे इतकी वर्षं विद्यार्थी यादीत नाव बघून निश्चिंत होत होता, आता त्याला स्वतः ठरवायचं आहे. त्याच्या व्हॉट्सअॅपवर रोज निरोप येतात: आंतरराष्ट्रीय, बहुशाखीय, इम्पॅक्ट फॅक्टर आठच्या आसपास, सर्व विषय, मराठी-हिंदी-इंग्रजी चालेल, तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह. याला काय उत्तर द्यायचं? जर्नलचा आयएसएसएन क्रमांक कुठे तपासायचा, संपादक मंडळातली नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर खरोखर आहेत का, मागच्या अंकात एकाच वेळी पशुवैद्यक आणि संत वाङ्मय कसं छापलंय, जर्नलच्या स्वतःच्या साइटवरून उठून इतरत्र त्याच्याबद्दल काय म्हटलंय ते कसं बघायचं. सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं, की मुरलेले तथ्य-तपासनीस संशयास्पद साइट खोलात वाचत बसत नाहीत, लगेच दुसऱ्या टॅबमध्ये तिची चौकशी करतात. हे मराठीत, एका पानावर, आपल्याकडच्या उदाहरणांनी लिहिलेलं ज्या ग्रंथालयाच्या साइटवर सापडेल, तिथे माहिती साक्षरता चालू आहे. मग मेनूत त्याचं नाव काहीही असो. यादी गेली आणि मार्गदर्शन आलं नाही, अशा साइटला तुम्ही दिलेल्या बाकीच्या सगळ्या टिक खोडून टाकल्या तरी मी तुमच्या बाजूने आहे.

आकडेवारी

टक्केवारी काढा, पाय चार्ट रंगवा. सर ची-स्क्वेअर लावायला सांगतील. अकरा साइटचे 'आहे-नाही' दोन-तीन गटांत विभागले की बऱ्याच रकान्यांत अपेक्षित संख्या पाचच्या खाली जाते आणि ती कसोटी तिथे लागू पडत नाही, हे संख्याशास्त्राच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात आहे. सरांना सांगायचं की नाही ते तुमच्या व्हायव्हाच्या तारखेवर अवलंबून.

आता चेकलिस्ट बाजूला ठेवा

गुण मिळतील एवढं काम झालं. आणखी दोन दिवस हातात असतील तर हॉस्टेलमधून पाच जण गोळा करा, वेगवेगळ्या विभागांचे, एकही एम.लिब.चा नको. जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं की एखाद्या साइटच्या वापरातले बहुतेक दोष पाच जणांना वापरायला दिलं की दिसतात, त्यामुळे जास्त माणसांची गरज नाही. प्रत्येकाला त्याच्याच मोबाइलवर आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं पान उघडून द्या. कामं तीनच सांगा: आपल्या विषयावरचा एक प्रबंध शोध, घरून एक लेख उघड, आणि त्याचा संदर्भ लिही. मग गप्प बसा. मदत करू नका, 'वरच्या मेनूत बघ' असंही म्हणू नका. बोट कुठे थांबतं, कुठे मागे येतं, कुठल्या क्षणी तो निमूट गूगलवर जातो, एवढं टिपा. 'माहिती साक्षरता' या मेनूवर पाचातल्या किती जणांनी बोट ठेवलं तेही लिहा. शून्य आलं तरी तो निष्कर्षच आहे.

या नोंदी घेऊन थेट ग्रंथपालांकडे जा. तक्रार म्हणून नव्हे. बहुतेक ठिकाणी साइट ग्रंथालयाच्या हातात नसते; ती संगणक केंद्राची किंवा बाहेरच्या एजन्सीची असते आणि एक तुटलेली लिंक बदलायला पत्र, जावक क्रमांक आणि पाठपुरावा लागतो. मंजूर पदं रिकामी असतात, आणि मार्गदर्शक पान लिहू शकणारा माणूस देवघेवीच्या काउंटरवर बसलेला असतो. त्याला तुमच्या पाय चार्टचा उपयोग नाही. पण 'या पानावरची ही लिंक तुटली आहे, हा मेल परत येतो, हे एका ओळीचं वाक्य इथे हवं' अशी पानभर यादी त्याच्या हातात पडली तर त्याच्या पत्राला जोडायला पुरावा मिळतो. म्हणून डिझर्टेशन बायंडिंगला टाकण्याआधी ती यादी वेगळी छापा आणि ग्रंथालयात नेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका.